विकू की थांबू?

प्रश्न : औरंगपुऱ्यात माझं पुस्तकांचं दुकान आहे. दरमहा पाच हजारांची एसआयपी आणि थोडे शेअर आहेत. बाजार रोज वरखाली होतोय. सगळं विकून एफडी करू का?

उत्तर : हे पैसे लागणार कधी, ते आधी ठरवा. जूनच्या हंगामात माल भरायचा किंवा दोन-तीन वर्षांत मुलांची फी भरायची असेल, तर तेवढी रक्कम एफडीतच हवी. दहा वर्षं हात लावायचा नसेल, तर एसआयपी चालू ठेवा. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स 13 टक्के कोसळून 25,981 वर बंद झाला; 21 जानेवारी 2021 ला त्याने 50,000 चा टप्पा ओलांडला. दर वेळी बाजार इतक्या लवकर सावरत नाही म्हणा! जानेवारी 2008 मध्ये कोसळण्याआधीची पातळी परत दिसायला जवळपास तीन वर्षं लागली.

शेअरांचं गणित वेगळं. थांबलं की सावरतं, हे निर्देशांकाबद्दल. एकेका कंपनीबद्दल नव्हे. आपल्या चितेगावची व्हिडिओकॉन आठवा. कर्जाखाली दबून 2018 मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, 2021 मध्ये शेअरचे व्यवहारच थांबले. तिथे धीर धरून काय मिळालं? तेव्हा प्रत्येक कंपनीचा ताळेबंद काढा, आधी कर्जाचा आकडा बघा. तो नफ्यापेक्षा वेगाने वाढत असेल, तर तोटा सोसूनही विका.