फवारणीचे औषध आणि हृदयाचे औषध

गावाकडे कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. “औषध मारायला गेलो होतो,” असे आपण सहज बोलतो. पण दवाखान्यात डॉक्टर “कोणते औषध चालू आहे?” असे विचारतात, तेव्हा हे औषध सांगायचे राहून जाते. ते का सांगावे, हे समजून घेऊ.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक दगावले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही नावे तेव्हा घरोघरी पोचली. ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषे.

आपल्या नसा हृदयाला ‘हळू चाल’ असा निरोप असिटिलकोलीन या रसायनाने देतात. काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर ते रसायन मोडून टाकते. विष या विकरालाच निकामी करते. मग निरोप साचत जातो. नाडी मंदावते, ठोके चुकतात.

थोडे थोडे विष वारंवार अंगात गेले तर? दारावरची बेल सतत वाजत राहिली की घरातले उठेनासे होतात, तसे होते. प्राण्यांवरील काही प्रयोगांत असा निरोप घेणारे पेशींवरचे ग्राही कमी झालेले दिसले. “मला सवय झाली,” असे माणूस म्हणतो. पण ती ताकद नव्हे. विकर कमीच असते, आणि याच मार्गावर काम करणारे औषध नेहमीसारखेच लागू पडेल असे धरता येत नाही. विषबाधेत ईसीजीमधले ‘क्यूटी’ अंतर वाढू शकते. अझिथ्रोमायसिनसारखी गोळीही ते वाढवू शकते. भूल देताना वापरतात त्या सक्सिनिलकोलीनचा असरही लांबू शकतो. लाल रक्तपेशींतले विकर पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागू शकतात.

म्हणून ऐरोलीहून गावी फवारणीला जाऊन आलेल्यांनी, पेस्ट कंट्रोलचे काम करणाऱ्यांनी एवढे करावे:

• डॉक्टरांना कामाची माहिती आणि शेवटच्या फवारणीची तारीख सांगा. डब्याच्या लेबलचा फोटो दाखवा.
• ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना हे नक्की सांगा. कोलिनएस्टरेजची रक्ततपासणी करायची का, ते विचारा.
• बीपीची, हृदयाची गोळी मनाने बंद करू नका.
• शेतातले औषध ढेकणांसाठी घरात मारू नका.
• फवारणीनंतर घाम, लाळ, धूसर दिसणे, चक्कर किंवा धाप लागली तर कपडे काढा, साबणाने अंग धुवा, 108 ला फोन करा. उलटी करवू नका.

मजुरी बुडेल म्हणून काम लपवू नका. डॉक्टरांना खरे कळले, तरच उपचार नीट होतील.