पिल्लाचे वेळापत्रक

सुट्टी संपवून आपण परत आलो की पहिल्या रात्री डॉर्मिटरीत घरच्या गोष्टी निघतात. कुणाच्या तरी घरी नवे पिल्लू आलेले असतेच. बहुधा ते पॉमेरेनियन, पग किंवा डॅशहाउंड असते, कारण क्वार्टरमध्ये मोठ्या कुत्र्याला जागा नसते. पुढच्या सुट्टीनंतर त्याच मित्राला विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, "देऊन टाकले रे. घरभर घाण करायचे."

मित्रांनो, पिल्लाला घर गमवावे लागण्याचे हे कारण टाळता येण्यासारखे आहे. शी-शू ठरल्या जागी करायला पिल्लू शिकते, पण त्यासाठी त्याच्या आधी घरातल्या माणसांना काही गोष्टी शिकाव्या लागतात. आपण कॅडेट तर सुट्टीपुरतेच घरी असतो. म्हणून आपण गेल्यावरही चालू राहील अशी सवय कशी लावायची, हे या लेखात सांगत आहे. उदाहरण आमच्या घरच्या गोटीचे आहे.

गोटी मे महिन्यात आली तेव्हा अडीच महिन्यांची होती. बाबा सीमेवर तैनात आहेत. जबलपूरच्या छावणीत दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये आई, आजी आणि माझी अकरा वर्षांची बहीण राहतात. आईने पहिल्याच दिवशी सांगितले होते, "तुझी सुट्टी संपेपर्यंत ही शिकली तर राहील. नाहीतर शाळेची नोकरी करून मला दिवसभर फरशी पुसणे जमणार नाही." आईचे म्हणणे रास्त होते.

लहान कुत्रे हे खेळणे नव्हे

आपल्याकडे 'पॉमेरेनियन' म्हणून जे पांढरे, झुबकेदार शेपटीचे कुत्रे दिसते ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असते. १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी आपल्या आई-बाबांना आठवत असेल, तो याच प्रकारचा. खरे पॉमेरेनियन त्याहून लहान, साधारण दीड ते सव्वातीन किलोचे असते.

एवढेसे कुत्रे काय शिकणार, असे लोकांना वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्मोकीची गोष्ट त्यांना सांगावी. स्मोकी ही यॉर्कशायर टेरिअर जातीची कुत्री १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात सापडली. वजन पावणेदोन-दोन किलो, उंची वीतभर. अमेरिकी सैनिक विल्यम विन याने तिला सांभाळले आणि शिकवले. पुढे फिलिपिन्समध्ये लिंगायेन येथील धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. सुमारे २१ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपमधून स्मोकी ती तार ओढत गेली, कारण दुसऱ्या टोकाला विन तिला हाका मारत होता. मोठ्या कुत्र्याला हे काम करताच आले नसते.

लहान जातीची अडचण बुद्धीची नसून शरीराची आहे. मूत्राशय लहान, म्हणून वारंवार जावे लागते. शिवाय त्यांची शू चमचाभर असते. पलंगाखाली कधी केली ते कळत नाही, आणि वास येईपर्यंत पिल्लाला ती जागा आपली वाटू लागलेली असते.

पिल्लू मुद्दाम करत नाही

पिल्लू रागाने किंवा सूड म्हणून घाण करत नाही. त्याला फरशी आणि अंगण यांतला फरक माहीतच नसतो. नाक घाणीत घासणे, वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारणे असे उपाय शेजारीपाजारी सांगतात, पण ते करू नयेत. शिक्षेचा संबंध पिल्लू अर्ध्या तासापूर्वीच्या शूशी जोडत नाही, समोरच्या माणसाशी जोडते. मग ते माणसासमोर शू करायला घाबरते आणि सोफ्यामागे लपून करते. बाहेर नेल्यावरही आपल्यासमोर करत नाही, घरात आल्यावर कोपरा शोधते. ओरडताना ते खाली मान घालते, तो पश्चात्ताप नसून भीती असते.

काही पिल्ले पाहुणे आले की आनंदाने किंवा भीतीने जागीच थोडी शू करतात. त्यांना ओरडले तर ते वाढते. पाहुण्यांनी पिल्लाकडे लगेच न वाकता दोन मिनिटे थांबावे, एवढे पुरते.

वेळा ठरवणे

आपला दिवस बिगुलावर चालतो, तसा पिल्लाचाही दिवस बांधून द्यावा लागतो. एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे: पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा, तितके तास ते जास्तीत जास्त धरून ठेवू शकते. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास. लहान जातीसाठी यातूनही थोडे वजा करावे. जागेपणी तर दर तासा-दीड तासाने न्यावेच.

याशिवाय चार वेळा कधीही चुकवू नयेत: झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. खाणे ठरल्या वेळी दिले की शीची वेळही आपोआप ठरते. म्हणून दिवसभर भरलेली थाळी समोर ठेवू नये. पण अगदी लहान जातीच्या पिल्लाला फार वेळ उपाशीही ठेवू नये, रक्तातली साखर उतरून ते गळून जाऊ शकते. गोटीला आम्ही दिवसातून चार वेळा थोडे थोडे देत होतो. पाणी मात्र दिवसभर हवेच.

पिल्लू जमीन हुंगत गोल फिरू लागले, खेळता खेळता एकदम दाराकडे निघाले, की उचलून जागेवर न्यावे. रात्री पहिले काही आठवडे एकदा उठावे लागते. गोटीसाठी मी अडीचचा गजर लावत असे. दिवा न लावता, न बोलता तिला नेऊन आणायचे, म्हणजे खेळायची वेळ झाली असे तिला वाटत नाही.

आपले लक्ष नसेल तेव्हा पिल्लाला घरभर मोकळे सोडू नये. उभे राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल एवढ्याच जागेत ठेवावे. कुत्रे आपल्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाही. गोटीला आंब्याचे मोठे खोके पुरले. पण पिल्लाला तासन् तास कोंडणे ही शिस्त नव्हे. धरून ठेवणे अशक्य झाले की ते झोपायच्या जागीही करते, आणि मग ही सवय मोडणे कठीण जाते.

जागा आणि शब्द

लसीचे सर्व डोस होईपर्यंत पिल्लाला भटकी कुत्री येतात अशा जमिनीवर नेऊ नये. पार्व्होसारखा रोग पिल्लाचा जीव घेतो. लसी साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि चौथ्या महिन्यापर्यंत चालतात. त्यातून जबलपूरचा मे महिना, दुपारी जमिनीवर पाय ठेववत नाही. म्हणून आम्ही बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात एक उथळ ट्रे ठेवला.

ट्रेमध्ये हिरवळ लावावी असे माझ्या मनात होते. मी हरळी उपटून आणल्यावर आजी म्हणाली, "अरे बाळा, ही दूर्वा आहे. गणपतीला वाहतो ती. हिच्यावर कुत्रीने शू करायची?" मग नुसती कोरडी माती भरली आणि ती उत्तम चालली. रोज वरची ओली माती काढायची, पण चिमूटभर जुनी ठेवायची. त्या वासाने पिल्लाला जागा ओळखू येते.

शब्दाचे कामही आजीनेच सोपे केले. आपल्याकडे तान्ह्या बाळाला पायांवर धरून "शूऽऽ" असा आवाज करतात आणि बाळ शू करते. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हेच तत्त्व मांडले. एखादी खूण आणि शरीराची क्रिया पुन्हा पुन्हा एकत्र आली की पुढे नुसत्या खुणेनेही क्रिया होते. (पावलोव्ह यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी.) गोटी ट्रेमध्ये बसली की आजी हळूच "शूऽऽ" म्हणायची. काही आठवड्यांनी आधी "शूऽऽ" म्हटले तरी गोटी माती हुंगू लागली.

शब्द मात्र सगळ्यांचा एकच हवा. आमच्या घरी आई मराठीत, बहीण हिंदीत आणि मी शाळेच्या सवयीने इंग्रजीत बोलतो. 'बस', 'बैठ' आणि 'सिट' हे पिल्लाला तीन वेगळे हुकूम वाटतात. आम्ही मराठी ठरवले.

शाबासकी वेळेवर

पिल्लाने योग्य जागी केले की दोन-तीन सेकंदांत शाबासकी द्यावी, तीही त्याच जागी. घरात येऊन डबा उघडून खाऊ दिला तर त्याला वाटते, घरात येण्याबद्दल मिळाला. म्हणून खाऊ खिशात ठेवावा: पोळीचा किंवा उकडलेल्या गाजराचा नखाएवढा तुकडा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत. लहान कुत्र्याला त्यांची थोडी मात्राही पुरते.

घरात करताना दिसले तर न ओरडता टाळी वाजवून थांबवावे, उचलून जागेवर न्यावे आणि तिथे उरलेले केले तर शाबासकी द्यावी. झालेले उशिरा दिसले तर फक्त पुसावे. पुसण्यातही एक गोष्ट आहे. शूमध्ये अमोनियासारखा वास असतो, म्हणून अमोनिया असलेले द्रव्य वापरले तर पिल्लाला ती शूचीच जागा वाटते. वास मुळापासून घालवणारे एन्झाइमचे द्रावण मिळते. ते नसेल तर आधी टिपून घ्यावे आणि पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसावे. फिनेल लावले असेल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला दूर ठेवावे, कारण ते पंजे चाटते.

चार्ज देणे

मेरठ येथे आपल्या सेनेच्या रिमाउंट व्हेटरनरी कोअरचे केंद्र आहे. तेथे सेनेतील श्वान आणि त्यांचे हँडलर दोघेही प्रशिक्षण घेतात. घरच्या पिल्लाला मात्र तीन-चार हँडलर असतात आणि त्यांतल्या एकाचेही प्रशिक्षण झालेले नसते. म्हणून पिल्लू एकाचे ऐकते आणि दुसऱ्याकडे विसरते.

जूनमध्ये मी वेळा लिहिलेला एक कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. शू झाली की निळी खूण, शी झाली की लाल, घरात झाली तर फुली. आठवड्याने कागद पाहिला तेव्हा बहुतेक फुल्या संध्याकाळी सात ते आठमध्ये होत्या. त्या वेळी आई स्वयंपाकात, आजी देवाजवळ आणि बहीण अभ्यासाला असते. चूक गोटीची नव्हती, त्या तासाला पहारा कुणाचाच नव्हता. तो तास बहिणीने घेतला आणि फुल्या कमी झाल्या.

सुट्टीच्या शेवटच्या दहा दिवसांत मी गोटीला ट्रेवर न्यायचे पूर्ण बंद केले. पहाटेची पाळी आईकडे, दुपारचा ट्रे आजीकडे (तिच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत) आणि संध्याकाळ बहिणीकडे. मी फक्त पाहायचो. गोटी दाराशी येऊन माझ्याकडे बघायची, तेव्हा उठावेसे वाटे, पण मी उठत नसे. आईने एकदा विचारले, "तू असताना आम्ही कशाला?" मी म्हटले, "आई, मी नसताना तुम्हीच आहात."

लसी पूर्ण झाल्यावर ट्रेमधली थोडी माती खाली कुंपणाजवळ टाकली आणि गोटीला तिथे नेले. वास ओळखीचा असल्यामुळे नवी जागा तिने दोन-तीन दिवसांत स्वीकारली. गळ्यात पट्टा न घालता छातीला बसणारा हार्नेस घातला. लहान जातीची श्वासनलिका नाजूक असते, गळ्याला हिसका बसू नये.

मी परत आल्यावर जुलैत पाऊस लागला. ओल्या गवतात गोटीचे पोट भिजते म्हणून ती खाली जाईना, आणि घरात पुन्हा दोन-तीनदा झाले. रविवारच्या फोनवर आईने हे सांगितले तेव्हा मला धास्ती वाटली. पण आजीने आधीच उपाय केला होता. बाल्कनीतला ट्रे परत मांडून, त्यात कोरडी माती भरून ती "शूऽऽ" म्हणत बसली होती. गोटी अजून आमच्याच घरी आहे.

पिल्लू आणण्यापूर्वी

शिकलेले पिल्लू अचानक वारंवार शू करू लागले, शू करताना कण्हू लागले किंवा शूमध्ये रक्त दिसले तर तो आजार असू शकतो. पशुवैद्याला दाखवावे. पूर्ण सवय लागायला काही महिने जातात, लहान जातीला थोडे अधिकच. अशी कुत्री बारा ते सोळा वर्षे सहज जगतात. म्हणजे आज आपण आणलेले पिल्लू आपण अधिकारी झाल्यावरही घरी असेल, आणि त्याला सांभाळणारे आई-बाबा असतील. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून वेळापत्रक लिहावे आणि प्रत्येक वेळेसमोर एकेक नाव घालावे. रात्री अडीचच्या रकान्यात कुणाचेच नाव आले नाही, तर पिल्लू पुढच्या वर्षी आणावे.