गीझर, आजी आणि बोरिंगचं पाणी

फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये पाण्याचा हार्डनेस काढायचा प्रयोग आपण सगळेच करतो, बहुतेक वेळा शेजाऱ्याचं रीडिंग बघून. मीही तेच केलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात धंतोलीतल्या आमच्या घरी दोन वर्षांत दुसऱ्यांदा गीझरची कॉइल जळाली आणि तो प्रयोग आठवला.

आमच्याकडे स्वयंपाकघरात महापालिकेचा नळ आणि बाकी सगळीकडे टाकीतून बोरिंगचं पाणी. जमिनीत मुरताना पाणी खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेतं. तापवलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होऊन कॉइलवर थर बसतो. या थरातून उष्णता नीट जात नाही. पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि कॉइल आतल्या आत जळते. उन्हाळ्यात कूलरच्या ताट्या पांढऱ्या, कडक होतात, तोही हाच प्रकार.

बाबांनी सॉफ्टनरवाल्याला बोलावलं. त्याने टीडीएस मीटर बुडवला आणि म्हणाला, “सॉफ्टनर लावला की हा आकडा निम्मा होईल. नळाची धार बारीक आहे, स्वयंपाकघरही टाकीवरच घेऊन टाका.”

इथे मला शंका आली. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, अदलाबदल करतो. त्यातलं रेझिन एक कॅल्शियम धरतं आणि दोन सोडियम सोडतं. म्हणून टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. तो कमी करायला आरओ लागतो. रेझिनमधलं सोडियम संपलं की मिठाचं पाणी सोडून ते पुन्हा भरायचं.

सरांना विचारून दोन्ही पाणी लॅबमध्ये नेलं. ५० मिली पाणी, बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि लाल रंगाचा निळा होईपर्यंत ०.०१ मोलर ईडीटीए. बोरिंगला २२ मिली लागलं, नळाला ६. वीसने गुणलं की लिटरमागे ४४० आणि १२० मिलिग्रॅम. आयएस १०५०० (२०१२) या मानकात पिण्याच्या पाण्यासाठी २०० ची मर्यादा आहे. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

आता खरा हिशेब. १०० मिलिग्रॅम हार्डनेस काढला की पाण्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. म्हणजे आमच्या पाण्यात लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम. पिण्यात आणि स्वयंपाकात मिळून दिवसाला ३ लिटर धरलं, तर दीड ग्रॅम मिठाइतकं सोडियम! जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमच्या आजीला बीपी आहे. तिने वर्षापासून लोणचं-पापड सोडलंय, आणि आम्ही तिला पाण्यातून मीठ पाजायला निघालो होतो.

शेवटी सॉफ्टनर घेतला, पण फक्त बाथरूम आणि वॉशिंग मशीनच्या लाइनवर. आजीचा नळ तसाच ठेवला.

तुमच्याकडे घ्यायचा असेल तर आधी हार्डनेस मोजा. टीडीएसच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पिण्याची लाइन वेगळी ठेवा. रेझिन धुतल्यावरचं खारं पाणी झाडांना घालू नका.

माझी जर्नल अजून घरी आहे. त्यातलं जुनं रीडिंग कोणाचं होतं, ते मात्र विचारू नका!