कमी खर्चात चांगला टोनआर्म कसा निवडाल?

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोहोचले. लावण्या आणि पोवाडे एके काळी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर निघत असत. जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत अशी तबकडी आजही सापडू शकेल. असा ठेवा जपण्यासाठी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली. तबकडीची खाच एकदा झिजली की ती पुन्हा भरून येत नाही. म्हणून ती कशाने वाजवायची, हा नुसता हौसेचा प्रश्न नव्हे.

उंची रेकॉर्ड-प्लेअर पुष्कळदा दांड्याशिवाय विकले जातात. सुई धरणारा हा दांडा म्हणजे टोनआर्म. तो निराळा घ्यावा लागतो आणि पैसे तर मोजकेच असतात. मग कोणता घ्यावा? सर्वांत महाग तो सर्वांत चांगला, असे उत्तर पदार्थविज्ञान देत नाही. दांडा, कार्ट्रिज आणि तबकडी यांचे परस्परांशी जुळले पाहिजे, असे ते सांगते. कसे, ते पाहू.

पहिले काम: योग्य भार

चावीच्या जुन्या ग्रामोफोनमध्ये सुईवर सुमारे १०० ग्रॅम भार पडत असे. आजच्या कार्ट्रिजला साधारण २ ग्रॅम पुरतो. हा भार तरफेच्या नियमाने ठरतो. समजा, टेकूपासून सुई २३ सेंमी अंतरावर आहे आणि मागचे वजन १०० ग्रॅम आहे. आधी वजन मागेपुढे करून दांडा आडवा तोलून घ्या. आता सुईवर २ ग्रॅम भार हवा. २ × २३ = ४६; ४६ ÷ १०० = ०.४६ सेंमी. म्हणजे वजन जेमतेम साडेचार मिलिमीटर टेकूकडे सरकवले की काम झाले. भार फार कमी ठेवणेही बरे नव्हे. तसे केल्यास सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

दुसरे काम: दिशा

मूळ तबकडी कोरताना कोरणी त्रिज्येवरून सरळ सरकते. आपला दांडा मात्र एका टेकूभोवती फिरतो, म्हणून सुईचा मार्ग कंसाकार होतो. सुई खाचेच्या स्पर्शिकेच्या दिशेत राहावी म्हणून दांड्याचे डोके सुमारे २३ अंशांनी वळवतात आणि सुई तबकडीच्या मध्यापलीकडे दीड-पावणेदोन सेंमी जाईल अशी योजना करतात. नीट जुळणी केल्यास केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिमी अंतरांवर चूक शून्य होते. इतरत्र ती दोन अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. ही जुळणी कागदावर आखलेल्या कोनमापकाने घरीच करता येते. तिला पैसा लागत नाही, सावकाशपणा लागतो.

तिसरे काम: थरथर टाळणे

सुईची दांडी स्प्रिंगसारखी लवते आणि तिच्यावर टोनआर्मचे वस्तुमान असते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाप्रमाणे या जोडीचीही स्वतःची वारंवारता असते:

वारंवारता = १५९ ÷ √(वस्तुमान × लवचीकता)

येथे वस्तुमान ग्रॅममध्ये आणि लवचीकता मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटनमध्ये घ्यावी. उन्हाने बाक आलेली तबकडी दर सेकंदाला काही वेळा सुईला वर-खाली करते. संगीत सुमारे २० हर्ट्झपासून पुढे असते. म्हणून जोडीची वारंवारता या दोहोंच्या मध्ये, ८ ते १२ हर्ट्झ, असावी. नाहीतर अनुस्पंदन होऊन दांडा डोलू लागतो.

ब्रिटनच्या रेगा कंपनीने १९८३ साली आणलेला ‘आरबी ३००’ हा एकसंध ओतीव ॲल्युमिनियमचा दांडा बेताच्या किमतीमुळे गाजला. त्याचे परिणामी वस्तुमान सुमारे ११ ग्रॅम. कार्ट्रिज व स्क्रू मिळून ७ ग्रॅम धरले तर एकूण १८. लवचीकता १५ असेल तर १८ × १५ = २७०, वर्गमूळ १६.४ आणि वारंवारता ९.७ हर्ट्झ. जोडी जमली! आता २० ग्रॅमचा जड दांडा आणि ३० लवचीकतेचे कार्ट्रिज घ्या. उत्तर येते ५.६ हर्ट्झ. दोन्ही वस्तू कितीही महाग असोत, ही जोडी बाक आलेल्या तबकडीवर डळमळणार.

येथे एक गंमत ध्यानात घ्या. परिणामी वस्तुमान अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. टेकूपासून २ सेंमी अंतरावरचे १०० ग्रॅम वजन सुईपाशी १०० × (२/२३)² म्हणजे केवळ पाऊण ग्रॅम भरते. तोच तोल ५० ग्रॅम वजन ४ सेंमीवर ठेवून साधला तर ते दीड ग्रॅम भरते. म्हणून मागचे वजन जड आणि टेकूजवळ असलेले बरे.

पैसे कुठे खर्च करावेत?

प्रथम टेकूच्या बेअरिंगवर. दांडा बोटाने हळूच हलवून पाहा: तो कोठे अडखळू नये आणि टेकूशी खुळखुळूही नये. जुना दांडा घेताना ही परीक्षा अवश्य करा. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. दुसरे म्हणजे, डोके सुटे होणारा दांडा पाहा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला लाँगप्लेपेक्षा सुमारे तिप्पट-चौपट जाड टोकाची सुई लागते. सुट्या डोक्यामुळे एकाच दांड्यावर दोन्ही वाजवता येतात. मात्र जोडामुळे टोकाशी थोडे वस्तुमान वाढते, ते हिशेबात धरा. चकाकी आणि नाव यांसाठी पैसे राहिले तर ठीक, न राहिले तरी ठीक.

सोडवून पाहा: एकूण वस्तुमान १८ ग्रॅम असताना वारंवारता ८ ते १२ हर्ट्झ राहण्यासाठी कार्ट्रिजची लवचीकता किती असावी? (उत्तर: सुमारे १० ते २२.)