आधी धडधाकट माणूस मोजा

बारावी झालेली पोरं माझ्याकडं येतात. सोबत कधी वडील असतात, कधी मामा. अँब्युलन्सवर टेक्निशियन व्हायचंय, कोणता कोर्स करू, हा पहिला प्रश्न. मग जरा रंगात येऊन दुसरा: त्यात मॉनिटर, शॉक द्यायचं यंत्र वगैरे चालवायला देतात ना? मागांच्या खडखडाटात वाढलेल्या इचलकरंजीच्या पोराला यंत्राची ओढ असणारच. मी त्यांना सांगतो, यंत्र नंतर. आधी घरातल्या, गल्लीतल्या, कारखान्यातल्या धडधाकट माणसांची नाडी आणि श्वास मोजायला लागा. बहुतेकांचा चेहरा पडतो.

यामागे एक रातपाळी आहे. मी तेव्हा एका खासगी गाडीवर शिकाऊ होतो. एका कारखान्यात सुतानं भरलेला बीम मागावर चढवताना घसरला आणि एका तरुण कामगाराच्या डाव्या बरगड्यांवर आला. रक्ताचा थेंब नाही. पोरगा भिंतीला टेकून बसलेला, बोलत होता, सारखं पाणी मागत होता. बीपी निघाला १२०/८०. ‘नॉर्मल आहे’ म्हटल्याबरोबर सगळे सैल झाले. जॉबर म्हणाला, उगीच गाडी बोलावली. दिवाणजींचं मत पडलं, सकाळी दाखवू की. गाडीवरचे आमचे वरिष्ठही त्याच बाजूला कलले. माझी बोटं त्याच्या मनगटावर होती. नाडी १२०च्या पुढे, श्वास भराभर, कपाळ थंड आणि ओलं. मी आकडे सांगितले, वाद झाला आणि त्या वादात वेळ गेला. रुग्णालयाच्या दारात पोचलो तेव्हा बीपी घसरला होता. प्लीहा फाटली होती. ऑपरेशन झालं, पोरगा वाचला.

त्या १२०/८०मध्ये खोटं काही नव्हतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. आत कुठं रक्तस्राव सुरू झाला की हृदय जोरात पळतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडतात आणि मेंदूकडं, हृदयाकडं रक्त जात राहतं. म्हणून बीपी टिकून दिसतो. तरुण, काटक शरीरात तर जवळजवळ दीड लिटर रक्त जाईपर्यंत तो टिकतो आणि मग धाडकन पडतो. त्याच्या कितीतरी आधी नाडी वाढलेली असते, श्वास वाढलेला असतो, त्वचा गार पडलेली असते, माणूस बेचैन झालेला असतो. पाणी मागणं हीसुद्धा खूणच. अशा वेळी ओठ ओले करायचे, पाणी पाजायचं नाही. पुढं भूल द्यावी लागली तर पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे कारखान्यातल्या माणसांना पटवणं बीपी मोजण्यापेक्षा अवघड. तांब्या घेऊन कुणीतरी उभंच असतं.

पुस्तकात आकडे मिळतात: प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत. पाठ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तालमीतल्या पैलवानाची नाडी पन्नासच्या आसपास भरते आणि तो ठणठणीत असतो. त्याचीच नव्वद झाली तर पुस्तकाप्रमाणे ठीक, त्याच्यासाठी नाही. हे कळायला आधी धडधाकट माणसं मोजलेली असावी लागतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. अशा गोळ्या घेणाऱ्या आजीला आतून रक्तस्राव होत असला तरी मनगट शांत लागेल. म्हणून ‘गोळ्या कसल्या चालू आहेत’ हा प्रश्न फॉर्म भरण्यापुरता नसतो. आणि श्वास मोजताना ‘श्वास मोजतोय’ असं सांगू नका, लगेच बदलतो. नाडीवर बोटं ठेवून छातीकडं बघत मोजा, पूर्ण मिनिट.

आपल्या गावाचं म्हणून आणखी काही. साध्या मागांच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. स्टेथोस्कोपमधून काही ऐकू येत नाही, तरी कानाला लावून मान हलवणारे मी पाहिलेत. तिथं बोटांनी बीपी घ्या: मनगटावर नाडी धरून पट्टा फुगवायचा, नाडी जाते, मग हळूहळू हवा सोडायची, ज्या आकड्याला नाडी परत लागते तो वरचा बीपी. खालचा मिळत नाही, त्या घडीला त्यावाचून अडतही नाही. अर्थात त्याआधी मेन स्विच बंद. फिरता पट्टा आणि वीज यांना तुमचा गणवेश कळत नाही. तुम्ही पडलात तर जखमी एकाचे दोन.

सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या बॉयलरजवळ धुरानं कुणी गुंगला, तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर भरवसा ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइड भिनलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि तो खुशाल ९८ दाखवतो. माणूस मोकळ्या हवेत आणा, ऑक्सिजन लावा, डोकं दुखतंय का, भोवळ येतेय का विचारा. भाषाही लागते. मागावर उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार आहेत, सीमेपलीकडून येणारे कानडी आहेत. ‘दर्द कहाँ है’ आणि ‘एल्ली नोवू’ एवढं तरी तोंडात बसलेलं हवं.

आता कोर्सचं. फी भरण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. राज्याची १०८ अँब्युलन्स सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली ती गाडीवर डॉक्टर ठेवून. त्यामुळं ‘कोर्स केला की १०८वर नोकरी’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथूनच मागं फिरा. टेक्निशियनला काम मिळतं ते खासगी रुग्णालयांच्या गाड्यांवर, अपघात विभागात, मोठ्या कारखान्यांत, काही परराज्यांच्या सेवांमध्ये. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आरोग्यसेवेतल्या अशा पूरक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. त्या यादीत हा पेशाही आहे, म्हणजे मान्यता नसलेल्या प्रमाणपत्राची किंमत पुढं कमीच होत जाणार.

संस्थेत गेलात की वर्गाचा एसी बघू नका. छाती दाबायचा सराव करायचा पुतळा दाखवा म्हणा. तो कोरा करकरीत असेल तर कुणी वापरलेला नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबून दमलेली पोरं तिथं दिसली पाहिजेत. अपघात विभागात किती तास उभं करणार, गाडीवर किती फेऱ्या देणार, हे लेखी मागा. ‘ते नंतर बघू’ असं उत्तर आलं तर फीचे पैसे खिशातच राहू द्या.