कोळशावर कर लावला, की धूर कमी होतो का?

प्रश्न : माझी मुलगी आयर्लंडमध्ये राहते. घर तापवायच्या कोळशावर तिथे कार्बन कर आहे आणि तो दरवर्षी वाढतो, असं ती सांगते. थंडीत कोळसा लागणारच. मग करानं काय साधतं? भुर्दंड गरिबालाच ना?

उत्तर : आधी हा कर मोजतात कसा ते पाहू. एक टन कोळसा जळला की अडीच टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि कर त्या वायूच्या वजनावर असतो. घरगुती कोळसा आणि पीट (दलदलीतली वाळवलेली माती) यांवर तो मे 2013 मध्ये आला, तेव्हा टनाला 10 युरो होता. 2014 मध्ये 20 झाला, 2025 मध्ये साडेत्रेसष्ट. म्हणजे 40 किलोच्या पोत्यामागे 2014 मध्ये दोन युरो जात होते, ते 2025 मध्ये साडेसहाच्या वर गेले, व्हॅट वेगळा. 2030 पर्यंत दर 100 युरोंवर न्यायचं कायद्यात ठरलेलं आहे.

गॅसवर हा कर 2010 मध्येच लागला होता. कोळसा मागे राहिला, कारण शेजारच्या उत्तर आयर्लंडमध्ये असा कर नाही, व्हॅटही कमी आणि सीमेवर नाका नाही. व्हॅन भरून स्वस्त, गंधकयुक्त कोळसा आणणं सोपं. ही पळवाट अजूनही पुरती बुजलेली नाही.

आता धुराकडे वळू. कार्बन कर धूर मोजतच नाही. लाकडावर तो नाही, कारण नवं झाड वाढताना तेवढा कार्बन पुन्हा शोषून घेतं असं धरतात. पण ओलं लाकूड जाळलं तर छातीला त्रास कोळशासारखाच. कोळसा महागला म्हणून कुणी ओल्या लाकडाकडे वळला, तर करानं हवा सुधारणार नाही. म्हणून धुरासाठी निराळे नियम करावे लागले : डब्लिनमध्ये 1990 पासून धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी, तर ऑक्टोबर 2022 अखेरीपासून देशभर निर्बंध, त्यात लाकडाच्या ओलाव्यालाही मर्यादा.

शिवाय जे विकत घेतलं जातं त्यावरच कर बसतो. पश्चिमेकडच्या खेड्यांत अनेक कुटुंबांना दलदलीतून पीट काढायचा परंपरागत हक्क आहे. उन्हाळ्यात विटांसारखे तुकडे काढायचे, चार-पाच एकमेकांना टेकवून उभे करून वाळवायचे आणि घरी आणायचे. पावती नाही, म्हणून करही नाही. जागतिक तापमानाच्या दृष्टीनं मात्र पीट कोळशाइतकंच वाईट.

गरिबांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. त्यांच्या मिळकतीतला मोठा हिस्सा इंधनावर जातो आणि भाड्याच्या घरातली शेगडी भाडेकरूला बदलता येत नाही. म्हणून कराच्या वाढीव उत्पन्नातून थंडीतला इंधन भत्ता वाढवतात (2025 मध्ये तो आठवड्याला 33 युरो होता) आणि कमी उत्पन्नाच्या घरांना भिंती-छत उबदार करून देतात. भत्ता रोख असतो, किती जाळलं त्यावर ठरत नाही. त्यामुळे कमी जाळणाऱ्याच्या हाती पैसे उरतात आणि महागलेल्या कोळशाचा इशाराही कायम राहतो.

माझ्या मते खरी अडचण मधल्या लोकांची आहे. भत्त्याच्या उत्पन्नमर्यादेच्या किंचित वर असलेलं, जुन्या गळक्या घरातलं कुटुंब कर पूर्ण भरतं आणि भत्त्याला मुकतं. भिंतींच्या दुरुस्तीला त्यांना अनुदान मिळतं, पण उरलेला खर्च खिशातून करावा लागतो. तो झेपत नाही तोवर ते कोळसाच घेतात.