मुक्त सॉफ्टवेअरची जोपासना आणि बदलत्या ऑपरेटिंग सिस्टीम

संगणकावरील सॉफ्टवेअरला लोखंडाप्रमाणे गंज चढत नाही, की कागदाप्रमाणे वाळवी लागत नाही. तथापि एके काळी उत्तम चालणारे सॉफ्टवेअर काही वर्षांनी उघडेनासे होते, असा अनुभव पुष्कळ शाळांना येतो. त्यातील एक अक्षरही बदललेले नसते; बदललेला असतो तो त्याचा आधार, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. हा संबंध शिक्षकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आधार कसा बदलतो

फाइल उघडणे, पडद्यावर अक्षरे उमटविणे, आवाज काढणे ही कामे सॉफ्टवेअर बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमकडून करवून घेते. त्यासाठी ठराविक स्वरूपाच्या मागण्या ठरलेल्या असतात. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की काही जुन्या मागण्या रद्द होतात व काहींचे स्वरूप पालटते. २०१९ साली आलेल्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीत ३२ बिटांची सॉफ्टवेअरे चालविण्याची सोय काढून टाकण्यात आली. ज्यांची ६४ बिटांची आवृत्ती कोणी तयार केली नव्हती, ती त्या आवृत्तीवर निरुपयोगी ठरली.

मुक्त स्रोताचा लाभ व मर्यादा

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, बदलता व इतरांस देता येते, त्यास मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. बंदिस्त सॉफ्टवेअरचा मालक काम थांबवील, तर वापरणारा हतबल होतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत दुसरा कोणी जाणकार ते काम पुढे नेऊ शकतो. मात्र विहिरीतील गाळ काढण्याची परवानगी सर्वांना असली, तरी कोणी तरी आत उतरल्यावाचून गाळ निघत नाही. त्याचप्रमाणे दुरुस्तीची मुभा असली तरी दुरुस्ती करणारा हात लागतोच.

जीकाँप्रीचे उदाहरण

लहान मुलांना अक्षरओळख, गणित, भूगोल इत्यादी विषय खेळातून शिकविणारे 'जीकाँप्री' हे मुक्त सॉफ्टवेअर फ्रान्समधील अभियंते ब्रुनो कूदोआँ यांनी २००० साली प्रसिद्ध केले. 'मला समजले' या अर्थाच्या फ्रेंच वाक्याच्या उच्चारावरून हे नाव घेतले आहे. पुढे टॅब्लेट व मोबाइल यांचा प्रसार झाला. जुन्या रचनेवर ते तेथे नेणे सोयीचे नव्हते. म्हणून २०१४ च्या सुमारास केडीई या मुक्त सॉफ्टवेअर समुदायात 'क्यूटी क्विक' या साधनाच्या आधारे त्याचे नव्याने लेखन सुरू झाले. एकेक खेळ पुन्हा लिहावा लागला. २०२० साली, विसाव्या वर्षी, १.० ही आवृत्ती निघाली. निरनिराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमशी व्यवहार करण्याचा बराचसा भार क्यूटी हे साधन वाहते. त्यामुळे खेळाची संहिता बहुतांशी एकच राहते. भिन्नता एका जागी कोंडावी आणि बाकीचे काम समान ठेवावे, हे या कामातील मुख्य सूत्र होय.

जुन्या आवृत्त्यांना कोठवर सांभाळावे

प्रत्येक आवृत्तीवर सॉफ्टवेअर तपासावे लागते आणि प्रत्येकीचे दोष निराळे निघतात. सर्वच आवृत्त्या सांभाळू गेल्यास नवे काम खुंटते. जुन्या एकदम सोडल्यास जुना संगणक वापरणाऱ्यांची अडचण होते. यावर निरनिराळे मार्ग अवलंबिले जातात. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविले. तरीही फायरफॉक्सने आपली ५२ वी दीर्घ मुदतीची आवृत्ती त्या सिस्टीमसाठी २०१८ पर्यंत सांभाळली. पायथन या संगणकभाषेने मात्र स्पष्ट नियम केला आहे: मायक्रोसॉफ्ट ज्या विंडोजला साहाय्य देते, तीच नव्या पायथनमध्ये चालावयाची. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले व त्याच वर्षी आलेल्या पायथन ३.९ ने ती सिस्टीम सोडली. दोन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे: मर्यादा आधी जाहीर केली जाते, म्हणून वापरणाऱ्यास तयारीस अवधी मिळतो.

शिक्षकांचे कर्तव्य

शाळेने प्रत्येक संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, तिची आवृत्ती व त्यावरील सॉफ्टवेअरांच्या आवृत्त्या यांची नोंदवही ठेवावी. सिस्टीम बदलण्यापूर्वी रोजच्या पाठांतील सॉफ्टवेअर एका संगणकावर चालवून पाहावे आणि मगच इतर संगणकांना हात लावावा. साहाय्य संपलेल्या सिस्टीमचा संगणक शक्यतो इंटरनेटला जोडू नये. कारण तिच्यातील सुरक्षेचे नवे दोष दुरुस्त होत नाहीत. दोष आढळल्यास 'चालत नाही' एवढेच कळवून भागत नाही. सिस्टीमची व सॉफ्टवेअरची आवृत्ती, केलेल्या क्रिया क्रमाने, काय अपेक्षित होते व काय घडले, हे सर्व लिहावे. सांभाळ करणाऱ्याजवळ तशी सिस्टीम नसली, तर हे टिपण त्याचे डोळे बनते. मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य हाती येते; त्यामागील श्रम विनामूल्य नसतात. त्या श्रमांत अचूक टिपणाचा वाटा उचलणे ग्रामीण शाळेतील शिक्षकासही शक्य आहे, आणि त्याचा लाभ त्याच जुन्या संगणकापुढे बसलेल्या दूरदूरच्या मुलांना मिळतो.

स्वाध्याय

१. संहितेत बदल न होताही सॉफ्टवेअर निरुपयोगी का होते?
२. जीकाँप्री नव्याने लिहिण्याची आवश्यकता का भासली?
३. आपल्या शाळेतील एका संगणकाची नोंद वरीलप्रमाणे तयार करा.